नागपूर ते दिघी : दीड तासाचं अंतर

आधी माझी चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात मोकळा राहील. दोन वर्षांपूर्वी माझ्या एकुलत्या एका भाचीच्या लग्नाला मी वेळेवर पोचलो नाही. एवढंच असतं तर हे लिहायला बसलो नसतो. लोकांना उशीर होतो. पण उशीर का झाला, याबद्दल मी खोटं बोललो. विमान दोन तास उशिरा आलं, असं सांगितलं. विमान उशिरा आलं नव्हतं. उलट पाच-सात मिनिटं आधीच उतरलं होतं.

मी नागपूरचा. माझी मोठी बहीण, वंदनाताई, सत्तावीस वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून रायगड जिल्ह्यात गेली. तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी मुलामुलींना कोकणातल्या शाळा मिळाल्या होत्या. बहुतेकांनी खटपट करून बदली घेतली आणि ते परत आले. ताई आली नाही. दिघीपासून रिक्षानं वीस मिनिटांवर तिचं गाव. तिथंच भातशेती असलेल्या घरात तिनं लग्न केलं आणि तिथलीच झाली. आई-बाबा गेले. आता ताईचं माहेर म्हणजे मी, एवढंच.

तिच्या मुलीचं, श्रुतीचं, लग्न ठरलं तेव्हा ताईनं महिनाभर आधीपासून फोन केले. हळदीच्या आदल्या दिवशीच ये म्हणाली. माझ्या मुलाची बारावीची परीक्षा होती, त्यामुळे बायको येऊ शकत नव्हती. मी एकटाच येणार होतो. आणि मी म्हणालो, "ताई, काळजी कशाला करतेस? नागपूर-मुंबई विमानानं दीड तास. लग्नाच्या सकाळी निघतो आणि मुहूर्ताच्या आधी तुझ्या दारात असतो."

दीड तास हा शब्द मी त्या महिन्यात किती जणांना ऐकवला असेल! पण आदल्या दिवशी न निघण्याचं खरं कारण वेगळं होतं. ऑफिसात त्या संध्याकाळी आमच्या साहेबांचा निरोप समारंभ होता आणि त्याचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. चार शेर पाठ केले होते. ते मला म्हणायचे होते.

सकाळी पावणेआठला मुंबईत उतरलो. विमानतळावर सावकाश कॉफी घेतली, इडली खाल्ली. साडेबाराचा मुहूर्त होता, म्हणजे अजून पावणेपाच तास हातात. मग टॅक्सीत बसलो आणि नकाशा पहिल्यांदा नीट पाहिला. मी इतके दिवस दोन शहरांमधलं अंतर पाहत होतो. ताई मुंबईत राहत नाही, हे पंचवीस वर्षांत माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं; तिच्या गावी मी कधी गेलोच नव्हतो. पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, आगरदांडा, मग खाडी, मग दिघी, मग तिचं गाव. शनिवार होता. अर्धी मुंबई समुद्र बघायला त्याच रस्त्यानं निघाली होती.

सव्वाबाराला ताईचा फोन आला तेव्हा मी रेवदंड्याच्या पुलावर होतो. मागून सनईचा आवाज येत होता. भटजी माइकवरून सांगत होते, "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं." ताई म्हणाली, "कुठं आहेस?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "विमानच दोन तास लेट झालं गं, ताई."

मुलीला मांडवात मामानं आणायचं, ही रीत आमच्याकडेही आहे आणि तिकडेही. त्या दिवशी श्रुतीला दुसऱ्याच कुणीतरी आणलं. मी तीन वाजून गेल्यावर पोचलो. नवरदेवाकडची मंडळी उरणची, त्यांना दोन वाजता निघायचं होतं. माझ्यासाठी पाठवणी तासभर थांबवली होती. श्रुती गळ्यात पडली आणि म्हणाली, "मामा, विमानाला तू काय करणार?" भटजींनीसुद्धा समजूत घातली की आभाळातल्या वाहनाचं कुणाच्या हातात नसतं. मी सगळ्यांची सहानुभूती घेतली, झाकून ठेवलेलं जेवण जेवलो आणि दुसऱ्या दिवशी दीड तासात नागपूरला परतलो.

दोन वर्षांनी, गेल्या फेब्रुवारीत, मी पुन्हा निघालो. काही कार्य नव्हतं. कार्य असतं तर त्याच्या आड लपता आलं असतं. या वेळी विमानानं गेलो नाही. सगळं अंतर जमिनीवरून कापायचं ठरवलं.

पनवेल ते मुरूड

रात्रीच्या गाडीनं कल्याण, तिथून पनवेल, आणि पनवेलहून मुरूडची एसटी. आगगाडीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एसटीबद्दल आहे.

माझ्याजवळ नागपुरी संत्र्यांची पिशवी होती, चांगली दहा किलोंची. वरच्या फळीवर ठेवली होती. अलिबाग सुटेपर्यंत ती शहाण्यासारखी राहिली. साळावचा पूल ओलांडून रस्ता समुद्राच्या कडेनं वळणं घेऊ लागला आणि एका वळणावर पिशवीची शिवण उसवली. संत्री पहिल्यांदा एका झोपलेल्या गृहस्थांच्या डोक्यावर पडली, मग मधल्या वाटेवरून गडगडत पार ड्रायव्हरपर्यंत गेली. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. माझी अशी धांदल झाली की मला वाकायलाही सुचेना.

मागच्या बाकांवर कोळणी होत्या, मासळी विकून रिकाम्या टोपल्या घेऊन घरी निघालेल्या. त्यांनी एका टोपलीत संत्री गोळा केली. एकही कमी पडू दिलं नाही. बोर्लीला उतरताना त्यांच्यातल्या थोराड बाईनं टोपली माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "घे दादा. पर ही आता नागपूरची न्हाय ऱ्हायली. वास घे, बोर्लीची झाली." सगळी गाडी हसली. मी वास घेतला. तिचं खरं होतं. मी सहा-सात संत्री तिला देऊ लागलो, तर तिनं दोनच घेतली आणि म्हणाली, "भयनीकडं चाललास ना? मंग भयनीची हायत ती."

बहिणीकडे चाललोय हे मी तिला सांगितलं नव्हतं. एवढी संत्री माणूस आणखी कुणासाठी वाहून नेणार, असं तिनं ताडलं असावं.

मागच्या खेपेला हाच रस्ता मी टॅक्सीत घड्याळाकडे बघत काढला होता. काशीदचा सुरूच्या बनाचा पट्टा, कोर्लईचा डोंगर, पोफळीच्या वाड्यांतून जाणारा गार बोगद्यासारखा रस्ता, यातलं काहीच तेव्हा पाहिलं नव्हतं. आमच्याकडे रस्ता सरळ असतो. दूरवरून गाव दिसतं आणि मग बराच वेळ येतच नाही. इथं वळण घेईपर्यंत गाव दिसत नाही आणि दिसलं की आपण त्याच्या अंगणातच असतो.

आगरदांडा

मुरूडहून रिक्षानं आगरदांड्याच्या धक्क्यावर आलो. फेरीबोट समोर दिसत होती, पलीकडून निघून इकडे येत होती. याच धक्क्यावर दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांदेखत बोट सुटली होती, आणि मी रेशमी कुर्त्यात उन्हात उभा राहून तिची परतीची वाट पाहिली होती.

बोट लागली. गाड्या चढवायला एक साठीकडे झुकलेला, काटक माणूस उभा होता. हाताच्या पंजानं खूण करत एकेक गाडी आत घेत होता. सगळ्या गाड्या बसल्यावर तो माझ्याकडे आला, थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही विमानवाले मामा ना?"

ताईच्या गावात माझं हे नाव पडलं आहे, हे मला तेव्हा कळलं.

हे हरीदादा. ताई पहिल्यांदा या गावात आली तेव्हा त्यांच्याच पडवीतली खोली तिनं भाड्यानं घेतली होती. भाऊ लांब, म्हणून पहिल्याच राखीपौर्णिमेला तिनं यांना राखी बांधली आणि तेव्हापासून दर वर्षी बांधते. श्रुतीला मांडवात यांनीच आणलं होतं. लग्नाच्या गर्दीत कुणीतरी मला ते दाखवले होते, पण मी त्यांच्याशी बोललो नव्हतो. बोलायची हिंमत नव्हती, असं आता लिहितो.

त्यांनी मला कठड्याशी सावलीत बसवलं. या वेळी विमान वेळेवर होतं ना, असं विचारलं. मी म्हटलं, आगगाडीनं आलो. त्यावर ते समाधानानं म्हणाले, बरं केलंत, तिला ढगाची अडचण नसते. त्यांच्या बोलण्यात टोमणा मुळीच नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मग त्यांनीच त्या दिवशीचं सांगितलं. भटजींनी दोनदा पुकारा केला. ताई आतून आली आणि म्हणाली, हरीदादा, तुम्ही चला. यांचे पाय उचलेनात. मामा येतीलच, थोडं थांबू या, असं हे म्हणत राहिले. तिसऱ्यांदा पुकारा झाल्यावर मुहूर्त टळेल म्हणून उठले.

"तुम्हाला वाईट वाटलं असंल," ते म्हणाले. "पर मामा, एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तेवढंच केलं मी. जागा तुमचीच हाय."

एवढ्यात दिघीचा धक्का आला आणि त्यांना हाक पडली. मला बोलायचं होतं, पण ते पंजा हलवत गाड्यांकडे गेले. सत्तावीस वर्षं त्यांनी माझ्या बहिणीला भाऊ पुरवला, आणि वर मलाच वाईट वाटलं असेल म्हणून हळहळत होते.

ताईचं गाव

ताई दारातच उभी होती. केस बरेच पांढरे झालेत. मला बघून तिनं आधी संत्र्यांचा वास घेतला आणि मग माझी चौकशी केली. तिचं बोलणं आता मजेशीर झालं आहे. शाळेत प्रमाण मराठी, सासूशी "हाय-न्हाय", आणि माझ्याशी दोन वाक्यांनंतर थेट वऱ्हाडी. "काऊन रे, एवढा वाळला कायले?" असं ती म्हणाली तेव्हा तिच्या सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. सून ही भाषा वर्षातून एकदाच काढते, म्हणाल्या.

संध्याकाळी भाऊजींनी माझ्यासाठी पोपटी लावली. वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा आणि जाडं मीठ मडक्यात भरतात, तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला कोंबतात, मडकं शेतात उपडं ठेवतात आणि वरून पेंढा-काटक्या रचून पेटवतात. पाण्याचा थेंब नाही. पाल्याच्या उग्र वाफेतच सगळं शिजतं. आमच्याकडे या दिवसांत हुरडा असतो, तोही शेतात, तोही आगटीवर. पण हुरडा हातावर चोळून लगेच तोंडात टाकायचा. पोपटीला थांबावं लागतं. मी मधूनमधून, झालं का, असं विचारत होतो, तेव्हा भाऊजी म्हणाले, "मडक्याला कळतं. आपन इचारायचं न्हाय."

शेंगा सोलता सोलता मी दोनदा घसा खाकरला. दोन्ही वेळा ताईनं माझ्या पानात आणखी शेंगा टाकल्या.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या शाळेत गेलो. दोन वर्गखोल्या, दारात बदामाचं झाड, पटावर मोजकी मुलं. ताई पाचवीच्या मुलांना वेळेची गणितं घालत होती. बस मुरूडहून अमुक वाजता सुटली, तासाला अमुक अंतर कापते, तर दिघीला किती वाजता पोचेल? खिडकीजवळची एक मुलगी पाटीवरून डोकं वर काढून म्हणाली, "बाई, फेरी चुकली तर?" ताई म्हणाली, "बरोबर. गणितात ते लिहिलेलं नसतं, पण आपण धरायचं." मी बाहेरच्या कट्ट्यावर बसून ऐकत होतो. पाचवीतल्या पोरीला जे कळतं ते मला पन्नाशीपर्यंत कळलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर आम्ही बांधावरून घरी निघालो. कापणी झालेल्या भातखाचरांत आता वाल उभा होता. मी म्हटलं, "ताई, त्या दिवशी विमान..."

"आठच्या आधीच उतरलं," ती म्हणाली.

मी थांबलो. ती चालतच राहिली, म्हणून मलाही चालावं लागलं.

"आठ वाजता तू स्टेटस ठेवलं होतंस. कॉफीचा कप आणि 'मुंबईत पोचलो'. मी किती खूश झाले होते. सासूबाईंना दाखवलं, बघा, माझा भाऊ आला म्हणून. आदल्या रात्री तुझा तो शेर म्हणतानाचा व्हिडिओही होता."

ते स्टेटस मी साफ विसरलो होतो. दोन वर्षं जे खोटं मी छातीशी धरून बसलो होतो, त्याचा पुरावा मीच तिच्या हातात दिला होता.

तिनं सगळं सांगितलं. सव्वाबाराला माझं वाक्य ऐकलं त्याच क्षणी तिला कळलं. फोन ठेवून ती मांडवाकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, माझ्या भावाचं विमान लेट झालंय. सासूबाईंनीही ते सकाळचं चित्र पाहिलं होतं. पण त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही.

मी तिथंच, बांधावर, तिची माफी मागायला लागलो. तिनं मला पुरं बोलू दिलं नाही. रागावलेली नव्हती. दमलेली वाटली.

"मला सांगून काय उपयोग, विनू? मला माहीतच होतं. जिला माहीत नाही, तिला सांग. श्रुतीचा फोन त्या दिवशी कपाटात होता. पाठवणीला उशीर झाला म्हणून तिची सासू गाडीत बोलली, की मुलीच्या मामाला भाचीची एवढीही किंमत नाही. पोरगी सासरी पाय ठेवायच्या आधी तुझ्यासाठी उलट बोलली. चार महिने त्या घरात दोघी एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. आता जमलंय त्यांचं. पण तो विषय निघाला की अजून ती विमानाची बाजू घेते."

घर आलं. तिनं दारातल्या दोरीवरचे कपडे काढायला घेतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या जाताना उरणला उतर. जेवायला थांब म्हणतील, थांब."

रेवस, करंजा, उरण

परतताना अलिबागहून रेवसला गेलो आणि तिथून लाँचनं करंजाला. लाँच लहान, माणसं बरीच, दोन मोटारसायकली आणि एक शिवणयंत्र. पाणी शांत होतं.

उरणला उतरल्यावर देश बदलल्यासारखा वाटतो. रस्त्याच्या एका बाजूला मिठागरं, पांढऱ्या ढिगांची रांग, आणि दुसऱ्या बाजूला कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरची. श्रुतीच्या सासऱ्यांचं आयुष्य मिठागरावर गेलं. नवऱ्याचे स्वतःचे दोन ट्रेलर आहेत. अंगणात एका बाजूला मीठ ओढायचं जुनं लाकडी फावडं आणि त्याच्या शेजारी ट्रेलरचं भलंमोठं टायर, त्यावर तुळशीची कुंडी.

श्रुती धावत आली. दोन वर्षांत भरली आहे, घरभर तिचा आवाज आहे. तिच्या सासूबाई पडवीत बसल्या होत्या, ठसठशीत कुंकू, जाडजूड पाटल्या, आवाज खणखणीत. मी ज्यांना कालपासून मनात घाबरत होतो, त्यांनी उठून मला स्वतःच्या हातानं पाणी दिलं आणि मामा किती लांबून आला म्हणून चटईऐवजी खुर्ची मागवली. जेवायला तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण आणि तळलेले बोंबील. मी काट्यांना भितो हे श्रुतीनं त्यांना आधीच सांगितलं असावं, कारण माझ्या पानात काटा नसलेलंच येत होतं.

जेवण झालं. आम्ही सगळे पडवीत बसलो. डोक्यावरून एक विमान अगदी कमी उंचीवरून गेलं. नवा विमानतळ जवळच झाला आहे. बोलणं थोडा वेळ थांबवावं लागलं.

आवाज गेल्यावर सासूबाई सुपारी कातरत म्हणाल्या, "बघा मामा. आता विमान आमच्या उशाला आलं. आता लेट व्हायला कारन न्हाय ऱ्हायलं."

त्या हसत होत्या. पण श्रुतीचा चेहरा लगेच बदलला. "आई, परत ते काढू नका," ती म्हणाली. "विमान दोन तास लेट होतं. मामाची काय चूक त्यात?"

सासूबाईंचा अडकित्ता थांबला. "मी हसत बोलले गं," त्या हळूच म्हणाल्या. श्रुतीचा नवरा मोबाइलमध्ये बघू लागला. ही शांतता या घरात नवी नव्हती, हे मला दिसलं. ती माझी होती. दोन वर्षांपूर्वी रेवदंड्याच्या पुलावरून मी ती इथं पाठवली होती.

मी खुर्चीवरून उठलो. आमच्या घरात भाचीला मान असतो, मामा भाचीच्या पाया पडतो. इकडे भाची मामाच्या पाया पडते. त्यामुळे मी वाकलो तेव्हा श्रुती घाबरून मागं सरकली आणि सासूबाई अर्ध्या उठल्या. तरी मी तिच्या पायांना हात लावला आणि तसाच खाली बसून बोललो.

"श्रुती, विमान लेट नव्हतं. पावणेआठलाच उतरलं. मी आदल्या दिवशी निघालो नाही, कारण मला साहेबांच्या समारंभात मिरवायचं होतं. मुंबईपासून तुझं माहेर किती लांब आहे हे मी कधी बघितलंच नव्हतं. उशीर माझ्यामुळे झाला आणि दोष मी विमानावर ढकलला. तुझ्या आईला ते माहीत होतं, तिनं मला झाकलं. तू दोन वर्षं माझ्यासाठी भांडलीस, ते सगळं माझ्या खोट्यावर. विहीणबाई, त्या दिवशी गाडीत तुम्ही जे बोललात ते बरोबर होतं. तिनं उलट उत्तर दिलं ते माझ्यामुळे. तिच्यावर राग असेल तर तो माझ्यावर घ्या. आणि श्रुती, मुहूर्ताच्या वेळी तू माझी वाट बघत उभी राहिलीस आणि मी आलो नाही. त्याला काही कारण नव्हतं. मला माफ कर."